जुहू ते पवई: भारतीय इंटरनेटच्या बालपणाचा रस्ता

१/
१५ ऑक्टोबर १९३२. कराचीहून निघालेले एक लहानसे ‘पस मॉथ’ विमान अहमदाबादमार्गे जुहूच्या विमानतळावर उतरले. वैमानिक होते जे. आर. डी. टाटा आणि विमानात होते टपाल. टाटांच्या हवाई टपालसेवेचा तो पहिला दिवस. त्यानंतर सुमारे ५४ वर्षांनी याच जुहूतून आणखी एका प्रकारचे टपाल निघाले. त्याला ना थैली होती, ना तिकीट. टेलिफोनच्या तारेवरून ते पवईला पोहोचले. (धागा)

२/
भारतात इंटरनेट केव्हा आले, असे विचारले की १५ ऑगस्ट १९९५ ही तारीख सांगितली जाते. ती चुकीची नाही. त्या दिवशी विदेश संचार निगमाने, म्हणजे व्हीएसएनएलने, सर्वसामान्य ग्राहकांसाठी सेवा खुली केली. पण दुकान उघडले त्या दिवशी मालाचा जन्म होत नसतो. त्याआधीची जवळजवळ नऊ वर्षे हे जाळे देशात एक संशोधन-प्रकल्प म्हणून वाढत होते, आणि त्याचे एक महत्त्वाचे घर मुंबईच्या उपनगरात होते.

३/
या कथेचा पूर्वरंग मात्र शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने देशी बनावटीचा संगणक उभारला. १९६० साली तो पूर्ण क्षमतेने चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला. देशभरातील संशोधक आपली गणिते घेऊन त्याच्यापाशी येत. माणसाने यंत्राकडे जायचे, असा तो काळ होता.

४/
दुसरे केंद्र पवईचे. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने, युनेस्कोमार्फत उभ्या राहिलेल्या आयआयटीची कोनशिला १० मार्च १९५९ रोजी नेहरूंच्या हस्ते बसवली गेली. येथील पहिला संगणक ‘मिन्स्क’ही सोव्हिएत बनावटीचाच होता. १९८०च्या दशकाच्या आरंभी येथे संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. कुलाब्याला अमेरिकी यंत्र आणि पवईला सोव्हिएत यंत्र! शीतयुद्धातील अलिप्ततेचे इतके नेमके चित्र एकाच शहरात क्वचितच दिसेल.

५/
१९७०च्या दशकात टीआयएफआरच्या आवारात, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या (यूएनडीपी) मदतीने सॉफ्टवेअरविषयक एक राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. तेथील डेक-१० संगणकावर अनेकांना आपापल्या टर्मिनलवरून एकाच वेळी काम करता येई. यंत्र दूर असले तरी चालते, ही जाणीव अशा यंत्रांनीच रुजवली. १९८५ मध्ये या केंद्रातून ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ ही स्वायत्त संस्था जन्मली. तिचे संक्षिप्त नाव एनसीएसटी, पत्ता जुहूचा गुलमोहर क्रॉस रोड क्रमांक ९ आणि संचालक डॉ. श्रीनिवासन रमणी.

६/
रमणींच्या डोक्यात संगणकीय संदेशांचा विचार त्याआधीपासून घोळत होता. १९८२ मध्ये रिचर्ड मिलर यांच्यासह त्यांनी एक प्रबंध मांडला. त्यातील कल्पना अशी: पृथ्वीजवळच्या विषुववृत्तीय कक्षेत एक छोटा उपग्रह फिरत राहील. एका ठिकाणावरून जाताना तो संदेश उचलेल, आपल्या स्मृतीत साठवेल आणि दुसऱ्या ठिकाणावर आला की खाली सोडेल. आकाशातला पोस्टमनच म्हणा. जेथे तारा पोहोचत नाहीत अशा गरीब देशांना संदेशवहन स्वस्तात कसे मिळेल, हा त्यामागचा प्रश्न होता.

७/
अमेरिकेत या वेळी काय चालले होते? १९६९ साली सुरू झालेल्या अर्पानेट या जाळ्याने १ जानेवारी १९८३ रोजी टीसीपी/आयपी ही नवी नियमावली स्वीकारली होती. विद्यापीठे झपाट्याने जोडली जात होती. तिकडून शिकून परतलेल्या भारतीय संशोधकाला पहिला धक्का बसे तो याचाच. कालपर्यंत सहकाऱ्याला दिवसातून चार वेळा लिहिणारा माणूस आता विमानाने जाणाऱ्या पत्राच्या उत्तराची आठवडेच्या आठवडे वाट पाहू लागे.

८/
आणि इकडे टेलिफोनची अवस्था? मुंबई आणि दिल्लीची दूरध्वनिसेवा १ एप्रिल १९८६ रोजी महानगर टेलिफोन निगमाकडे, म्हणजे एमटीएनएलकडे, आली. त्या काळी नव्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहावे लागे. जुन्या विद्युत-यांत्रिक एक्स्चेंजमधून बोलताना खरखर, मध्येच घुसणारा तिसराच आवाज आणि पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरून मुका झालेला फोन हे उपनगरवासीयांच्या अंगवळणी पडले होते. माणूस अशा खरखरीतूनही अर्थ लावतो. यंत्राला मात्र एक बिट चुकले तरी संदेश बिघडतो.

९/
अडथळा केवळ तांत्रिक नव्हता. १८८५च्या भारतीय तार कायद्याने तार उभारण्याचा आणि चालवण्याचा एकाधिकार सरकारकडे दिला होता. १८५७ नंतरच्या ब्रिटिश राजवटीने आखलेली ती चौकट स्वातंत्र्यानंतरही तशीच राहिली. त्यामुळे दोन संस्थांना आपल्या संगणकांमध्ये स्वतःची तार टाकणे हे मनात आले म्हणून करण्यासारखे काम नव्हते. जे करायचे ते सरकारी तारेवरून आणि सरकारी परवानगीनेच.

१०/
मार्ग निघाला तोही सरकारातूनच. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये, यूएनडीपीच्या अर्थसाहाय्याने ‘एज्युकेशन अँड रिसर्च नेटवर्क’, म्हणजे ‘अर्नेट’ हा प्रकल्प हाती घेतला. त्यात आठ घटक होते: मुंबईची एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील पाच आयआयटी आणि खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग. आठांपैकी दोन घटक मुंबईच्या उपनगरात होते आणि त्यांच्यातले अंतर दहा-बारा किलोमीटरचे होते.

११/
पहिला प्रयोग या दोघांतच व्हावा, हे ओघाने आले. साधन होते ‘यूयूसीपी’. युनिक्स प्रणालीच्या एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर फाइल पाठवण्याची ही पद्धत बेल लॅब्जमधील माइक लेस्क यांनी १९७०च्या दशकात तयार केली होती. तिचे मोठेपण तिच्या साधेपणात होते. दोन यंत्रे सतत जोडलेली असण्याची गरजच नव्हती. संदेश साठत राहायचे. ठरल्या वेळी एक यंत्र मोडेममधून दुसऱ्याला फोन लावायचे, दोघे आपापल्या थैल्या बदलायचे आणि फोन ठेवायचे.

१२/
रेल्वेच्या टपालडब्याची व्यवस्था ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चटकन समजेल. थैली स्थानकावर थांबते, गाडी आली की चढते आणि पुढच्या जंक्शनला उतरून दुसऱ्या गाडीची वाट पाहते. यूयूसीपीच्या जुन्या पत्त्यांतही अशीच जंक्शने लिहावी लागत. आधी कोणते यंत्र, मग कोणते, शेवटी माणसाचे नाव आणि मधोमध उद्गारचिन्हे. पत्ता म्हणजे घर नव्हते, तर घरापर्यंतचा अख्खा प्रवास होता.

१३/
१९८६-८७ मध्ये जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात अशी डायल-अप जोडणी झाली आणि दोन्हीकडचे ईमेल ये-जा करू लागले. भारतातील शैक्षणिक जाळ्याचा हा पहिला धागा. त्या काळचे साधे मोडेम सेकंदाला १,२०० किंवा २,४०० बिट पाठवत. १,२०० बिटांच्या वेगाने सेकंदाला साधारण १२० अक्षरे जातात, म्हणजे पानभर इंग्रजी पत्राला वीसेक सेकंद लागतात. अर्थात, तार मध्येच तुटली नाही तर!

१४/
आज हे क्षुल्लक वाटेल. अंधेरीहून जाणारी बेस्टची बसही तेवढे पत्र त्याच दिवशी पवईला पोहोचवू शकली असती. पण एकदा दोन यंत्रांना परस्परांशी बोलता आले की तिसरे जोडणे म्हणजे केवळ आणखी एक फोन लावणे असते. मद्रास, दिल्ली, बंगळूर, कानपूर, खरगपूर अशी केंद्रे पुढील काही वर्षांत जोडली गेली. जुहूचे केंद्र अमेरिकेतील यूयूनेटशी जोडले गेले आणि देशाचे परदेशी टपाल तेथून जाऊ लागले.

१५/
याच सुमारास चीनमध्येही असाच प्रयत्न चालू होता. सप्टेंबर १९८७ मध्ये बीजिंगहून पश्चिम जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे पहिला ईमेल पोहोचला. आशियातील दोन्ही मोठ्या देशांची सुरुवात अशी विद्यापीठे आणि संशोधनसंस्थांतून, मागेपुढे एकाच काळात झाली. पुढे दोघांच्या वाटा कशा वेगळ्या झाल्या हा निराळ्या धाग्याचा विषय आहे. आरंभ मात्र दोन्हीकडे मूठभर संशोधक आणि तुटक्या तारा असाच होता.

१६/
अर्नेटच्या उद्दिष्टांत जाळे उभारण्याइतकेच महत्त्व संशोधनाला आणि माणसे घडवण्याला होते. त्याचा अर्थ पवईतल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्याला विचारावा. पुस्तकात वाचलेली नियमावली प्रत्यक्ष कार्यक्रमात उतरवायची, खरखरीच्या तारेवर हरवलेले पाकीट पुन्हा केव्हा पाठवायचे ते ठरवायचे, कोणत्या टोकाला चूक झाली ते शोधायचे. इतरांसाठी जे दळणवळण होते, तेच या विद्यार्थ्यांसाठी प्रयोगाचे मेज होते. तार वाईट असणे हा त्यांचा प्रश्नही होता आणि अभ्यासविषयही.

१७/
जुहूच्या एनसीएसटीने अध्यापनाचा असाच मोठा भार उचलला. सॉफ्टवेअर तंत्रज्ञानातील तिचे पदविका अभ्यासक्रम आणि ‘सीएसटी’ नावाची क्षमता-परीक्षा त्या काळच्या विद्यार्थ्यांत चांगलीच परिचित होती. नेटवर्क आणि कार्यप्रणाली हे विषय देशातील बहुसंख्य महाविद्यालयांत फळ्यावरच शिकवले जात असताना, जिवंत जाळे ज्या थोड्या इमारतींत होते त्यांतील एक जुहूत होती.

१८/
एक जुना वाद येथे समजून घ्यायला हवा. जगातील संगणक कोणत्या नियमावलीने बोलणार? आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची सात थरांची ‘ओएसआय’ ही रीतसर, समित्यांनी घडवलेली नियमावली होती आणि अनेक सरकारांचा कल तिच्याकडे होता. ‘टीसीपी/आयपी’ ही प्रयोगशाळांत वापरून वापरून तयार झालेली. अर्नेटने दोन्ही चालवल्या. १९९५ पर्यंत जवळपास सारी वाहतूक टीसीपी/आयपीवर आली होती. कागदावर अधिक नेटक्या दिसणाऱ्या आराखड्यावर वापरातल्या व्यवस्थेने मात केली. इतिहासात असे वारंवार घडते.

१९/
दरम्यान देशाला जाळ्यावरचे नाव मिळाले. ८ मे १९८९ रोजी ‘डॉट इन’ हे भारताचे क्षेत्रनाम जागतिक नोंदीत आले. त्याची नोंदणी पुढे बरीच वर्षे एनसीएसटीतून चाले. १९९० मध्ये अर्नेटला १४४.१६ ने सुरू होणारा ६५,५३६ पत्त्यांचा गट मिळाला. यंत्रांची बारशीही झाली होती. जुहूतल्या यंत्रांची नावे होती ‘शक्ती’ आणि ‘साथी’. जगभरच्या पत्रव्यवहारात त्या काळी ही दोन नावे भारताची खूण म्हणून दिसत.

२०/
जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यात ९.६ केबीपीएसची पहिली कायमस्वरूपी भाड्याची तार आली. १९९२ पर्यंत सर्व केंद्रे अशा तारांनी जोडली गेली. त्याच वर्षी जुहूहून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत, म्हणजे यूयूनेटपर्यंत, ६४ केबीपीएसचा दुवा सुरू झाला. आजचे ३ एमबीचे एक छायाचित्र दिल्ली-मुंबई तारेवरून जायला सुमारे ४२ मिनिटे लागली असती आणि व्हर्जिनियाच्या दुव्यावरून ६ मिनिटांहून अधिक. तेही बाकी सारे गप्प बसले असते तर.

२१/
तुलनेसाठी: अमेरिकेच्या एनएसएफनेट या शैक्षणिक जाळ्याचा कणा तेव्हा ४५ एमबीपीएसवर गेला होता, म्हणजे जुहूच्या परदेशी दुव्याच्या सुमारे ७०० पट. तरीही त्या अरुंद दाराचे मोल वेगातून कळत नाही. एखादा नवा प्रबंध, एखाद्या कार्यक्रमाचा स्रोत, एखाद्या शंकेचे उत्तर पूर्वी पोस्टाने महिन्याभरात येत असे. ते आता दुसऱ्या दिवशी सकाळी येऊ लागले. संशोधकासाठी हा फरक वेगाचा नव्हता. आपण जगाच्या चर्चेत सामील आहोत की नाही, याचा होता.

२२/
या साऱ्यात मराठी कुठे होती? कुठेच नव्हती. त्या काळचा ईमेल सात बिटांच्या १२८ चिन्हांत मावणारा, म्हणजे इंग्रजीपुरता. परदेशातील मराठी माणसे रोमन लिपीतून मराठी लिहीत. रोमनमधून टंकलेले देवनागरीत छापण्यासाठी अविनाश चोपडे यांनी ‘आयट्रान्स’ तयार केले ते याच १९९०च्या दशकात. भारतीय लिप्यांचे ‘इस्की’ मानक आणि त्यावर बेतलेली युनिकोडमधील देवनागरी १९९१ पर्यंत कागदावर आली. पण पडद्यावर जोडाक्षरे नीट उमटायला आणखी कष्ट लागले. लिनक्सवर भारतीय लिप्या आणणारा ‘इंडिक्स’ हा त्यांतला एक प्रकल्प पुढे एनसीएसटीतच झाला.

२३/
आता नकाशाकडे पाहू. जुहू आणि पवई यांच्या मध्ये आहे अंधेरी. तेथे १९७३ पासून ‘सीप्झ’ हे इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र होते आणि सॉफ्टवेअर निर्यातीचे आरंभीचे काही प्रयत्न तिथूनच झाले. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूरला केंद्र उघडले तेव्हा त्यांना उपग्रहाचा स्वतंत्र दुवा मिळाला. निर्यातीसाठी आकाश खुले होत होते. संशोधनासाठी टेलिफोनची तार होती. आणि अंधेरीच्या चाळीत राहणाऱ्या सामान्य माणसासाठी? टेलिफोनच्या प्रतीक्षायादीतला क्रमांक.

२४/
अर्नेटच्या गौरवगाथेत ही बाजू बहुधा गळते. हे जाळे केवळ शिक्षण व संशोधन संस्थांसाठी होते. जुहू-पवईचे ईमेल अंधेरीच्या डोक्यावरून जात होते, पण अंधेरीकरांना ते दिसत नव्हते आणि त्यांच्या उपयोगाचेही नव्हते. दोष संशोधकांचा नव्हे. परवानगीच तेवढी होती. पण सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले ज्ञान नऊ वर्षे कुंपणाच्या आत राहिले, हेही त्याच इतिहासाचे सत्य आहे.

२५/
१५ ऑगस्ट १९९५ रोजी कुंपण उघडले. व्हीएसएनएलच्या सेवेचा वेग ९.६ केबीपीएस आणि व्यक्तिगत ग्राहकाला २५० तासांचे ५,००० रुपये, म्हणजे तासाला २० रुपये. फोनचे बिल वेगळे. मागणी अंदाजापेक्षा अधिक निघाली, जोडण्या लागेनात आणि आरंभ फसल्याची जाहीर कबुली निगमाला द्यावी लागली. ज्या वाईट तारांशी संशोधक वर्षानुवर्षे झगडत होते, त्या आता ग्राहकांच्या वाट्याला आल्या. १९९८ मध्ये खासगी सेवादारांना प्रवेश मिळाला.

२६/
कथा येथे संपवता आली असती. पण त्याच मार्गावर पंधरा वर्षांनी जे घडले ते पाहिल्याशिवाय तिचा अर्थ पुरा होत नाही. आयआयटीच्या मुख्य प्रवेशद्वारासमोरून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता जातो. त्याचे अधिकृत नाव आदि शंकराचार्य मार्ग. ट्रक, बेस्ट बस, रिक्षा, दुचाकी, सारे एकाच प्रवाहात. मार्गिकांच्या पांढऱ्या रेषा केवळ शोभेच्या. पाश्चात्त्य शहरांत रस्त्याखाली बसवलेली वाहनमापके शिस्तीने रांगेत चालणाऱ्या गाड्या मोजतात. येथे रांगच नाही, तर मोजणार काय?

२७/
आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागातील तेव्हाच्या संशोधक विद्यार्थिनी रिजुरेखा सेन, त्यांचे मार्गदर्शक प्रा. भास्करन रामन आणि सहकारी यांनी प्रश्न उलटा केला. आपल्या रस्त्यावर भरवशाने सापडणारी गोष्ट कोणती? हॉर्न! २०१० मध्ये त्यांनी मांडलेल्या प्रबंधाचे नाव ट्रकच्या मागे लिहिलेले, ‘हॉर्न ओके प्लीज’. रस्त्याकडेला दोन ध्वनिमुद्रक थोड्या अंतरावर ठेवायचे. गाडी एकाकडे येत असते, दुसऱ्यापासून दूर जात असते. त्यामुळे एकाच हॉर्नची पट्टी दोन्हीकडे किंचित वेगळी ऐकू येते.

२८/
येणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा स्वर चढा आणि जाणाऱ्या गाडीचा उतरता वाटतो, हा स्थानकावर उभ्या प्रत्येक मुंबईकराचा अनुभव. भौतिकशास्त्रात त्याला डॉपलर परिणाम म्हणतात. दोन मुद्रणांतील स्वरभेदावरून गाडीचा वेग काढायचा, हॉर्नच्या व आवाजाच्या प्रमाणाची जोड द्यायची आणि रस्ता मोकळा की तुंबलेला ते ठरवायचे. मुंबईतील दोन रस्त्यांवर १८ तासांचे मुद्रण करून ही पद्धत तपासली गेली. शहराचा सर्वांत त्रासदायक आवाज येथे माहितीचा स्रोत झाला.

२९/
२०१२ मध्ये याच गटाचा पुढचा प्रकल्प आला, ‘क्यूँ क्यू’. रस्त्याच्या एका बाजूला छोटा रेडिओ प्रेषक, दुसऱ्या बाजूला ग्राहक. मध्ये वाहने उभी राहिली की लहरी अडतात आणि संदेश क्षीण होतो. अशा जोड्या रस्त्याच्या लांबीवर अंतराअंतराने ठेवल्या की रांग कुठवर आली ते कळते. नेटवर्क अभियंत्याच्या दृष्टीने दुवा क्षीण होणे हा दोष. येथे त्या दोषाचाच मापक म्हणून उपयोग केला.

३०/
१९८६-८७ आणि २०१०-१२ या दोन टोकांना एका रेषेत ठेवून पाहावे. दोन्हीकडे विद्यार्थी आणि संशोधक, दोन्हीकडे दाराबाहेरची अडचण हाच विषय. एकदा खरखरणारी तार, एकदा तुंबलेला रस्ता. फरक इतकाच की पहिल्या प्रकल्पात जाळे रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्यावरून गेले आणि दुसऱ्यात ते त्याच्या शेजारी, पदपथावर येऊन उभे राहिले. पंचवीस वर्षांत घडलेला खरा बदल तो हाच.

३१/
२००३च्या सुमारास एनसीएसटी प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजे सी-डॅकमध्ये, विलीन झाली आणि ते नाव व्यवहारातून गेले. २००५ मध्ये ‘डॉट इन’ची नोंदणी नव्या व्यवस्थेत सर्वांसाठी खुली झाली. २०१४ मध्ये डॉ. रमणींना ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. आणि जुहूच्या उत्तरेला, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, आज देशाला जगाशी जोडणाऱ्या कित्येक समुद्राखालच्या केबल येऊन भिडतात.

३२/
किल्ल्याला बुरूज असतो, ताम्रपटाला अक्षरे असतात. मोडेमच्या शिट्टीचा मात्र कुठलाच अवशेष उरत नाही. त्यामुळे असा इतिहास नोंदवला नाही तर उद्घाटनाच्या तारखाच तेवढ्या शिल्लक राहतात आणि श्रेय फीत कापणाऱ्याला जाते. पुढच्या वेळी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर बस अडकली आणि हातातल्या फोनवर एखादा संदेश क्षणात आला, तर एवढे आठवावे: या वाटेने पहिला ईमेल गेला तेव्हा तोही एखाद्या प्रयोगासारखाच होता, आणि तार तुटली तर पुन्हा फोन लावण्याची तयारी ठेवूनच तो पाठवला होता.
(समाप्त)